गोळीमुक्त

आप्पासाहेबांना आयुष्यात एकदाच शाल-श्रीफळ मिळालं, आणि तेही रक्तदाबाची गोळी बंद केली म्हणून.

सिडकोतल्या बागेत रोज सकाळी जी निवृत्त मंडळी जमायची, त्यांनी स्वतःचं 'अरुणोदय मंडळ' असं नाव ठेवलं होतं. कुणी चिकलठाण्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेला, कुणी बँकेतून, कुणी एसटीतून. आधी बागेला फेऱ्या, मग टाळ्या, मग हात वर करून मोठमोठ्यानं हसायचं. हे उरकलं की बाकांवर खरी बैठक सुरू व्हायची. कुणाच्या तपासणीत काय निघालं, कुणाला कुठल्या डॉक्टरनं काय लावलं, कुणाची साखर उतरली. अध्यक्ष तात्यासाहेब तहसिलीत अव्वल कारकून होते. नोकरीभर माणसं निकाली काढायची सवय, ती इथंही सुटली नव्हती. ज्याची गोळी सुटली त्याचा महिन्याच्या पहिल्या रविवारी सत्कार करायचा, हा ठराव त्यांचाच. फाटकावर फोटोसह फ्लेक्सही लागायचा.

'गोळी सुटली' हा शब्द मंडळाचाच. तंबाखू सुटते, विडी सुटते, तशी गोळी सुटते. त्यामुळे ज्याची गोळी चालू असेल तो, कुणी तसं तोंडावर म्हणत नसलं तरी, व्यसनात अडकलेला बिचारा ठरायचा. सगळ्यांसमोर गोळी घेणारे एकटे हबीबभाई. शहागंजात त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, आता ते मुलगा बघायचा. फेऱ्या संपल्या की हबीबभाई सदऱ्याच्या खिशातून डबी काढायचे आणि सगळ्यांच्या देखत साखरेची गोळी घ्यायचे.

"आला का दारूगोळा?" तात्यासाहेब विचारायचे.

"आला ना साहेब. किल्ला पडला नाय तवर दारूगोळा लागंलच की."

सगळे हसायचे. हबीबभाईही हसायचे. पण त्यांचा फोटो काही कधी फाटकावर लागला नाही.

शिवकन्याला वडिलांचं हे प्रकरण कळलं ते त्या फ्लेक्सवरूनच. ती एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होती, राहायला चिकलठाण्याच्या बाजूला, विमानतळाजवळच्या नव्या वसाहतीत. रविवारी आईवडिलांकडे यायची. त्या रविवारी बागेवरून जाताना तिनं सहज मान वळवली आणि गाडीचा ब्रेक दाबला. फेटा बांधलेले आप्पा फाटकावरून तिच्याकडे बघून हसत होते. खाली लिहिलं होतं, 'गोळीमुक्त जीवनाचे मानकरी, मा. आप्पासाहेब यांचे हार्दिक अभिनंदन.'

घरी शाल सोफ्याच्या पाठीवर पसरलेली होती. तिच्यावरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं.

"आप्पा, गोळी कधीपासून बंद आहे?"

"झालं की संक्रांतीपासून." आप्पा चहा बशीत ओतत म्हणाले. "तुला कळलं का? नाय ना? मला बी नाय कळलं. मग लागत व्हती कशाला?"

"रक्तदाब कळत नाही आप्पा. कळायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो."

"जे दुखत नाय त्याला दुखणं म्हणायचं, ही लई भारी विद्या काढली ह्या डॉक्टर लोकांनी." ते बशी तोंडाला लावून थांबले. "अगं, तो बीपी माझा नव्हताच. तो कंपनीतल्या साहेबाचा व्हता. रोज सकाळी गेटवर त्याचं तोंड बघितलं की चढायचा. आता साहेब नाय, शिफ्ट नाय. कशाला चढंल?"

नोकरीत होते तोवर ते बिनतक्रार रोज गोळी घेत. कंपनीत दर वर्षी तपासणी व्हायची आणि आकडा वाढला की मशीनवरून उचलून गोदामात बसवत. म्हणजे गोळी आजारासाठी नव्हतीच, ती जागा टिकवण्यासाठी होती. निवृत्तीच्या दिवशी गणवेश परत केला तशी गोळीही मनातून त्यांनी तेव्हाच परत केली असावी. घरात ती पुढं चालू राहिली एवढंच.

"आणि गोळीनं पाय सुजायचे त्यांचे," स्वयंपाकघरातून वच्छलाबाई म्हणाल्या. "चपला बसायच्या नाहीत. आता बघ पाय."

ते मात्र खरं होतं. आप्पांचे पाय शिवकन्यानं पाहिले. घोटे मोकळे झाले होते.

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलं? दुसरी गोळी दिली असती."

"त्याला सांगायला येळ कुठंय? आत गेलं की पट्टा बांधतो, बाहेर पडलं की पैसे घेतो. मी इचारलं, किती दिवस घ्यायची? तर मान वर न करता म्हणतो, जन्मभर. मी म्हणलं, जन्मठेप दिली का काय मला? माझा गुन्हा तरी सांग."

तिनं कपाटातलं यंत्र काढलं आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा दोनशेला टेकला होता. तिनं यंत्र त्यांच्यासमोर धरलं.

"ते चायनाचं हाय," आप्पा म्हणाले. "आणि तू आलीस की जरा वाढतोच."

शिवकन्या पुस्तकांत वाढलेली बाई होती. माणूस पुराव्यानं बदलत नाही हे तिनं पुष्कळ ठिकाणी वाचलं होतं, आणि वाचताना पटलंही होतं. पण ते वाचलेलं आपल्या बापाला लागू असेल असं तिला वाटलं नव्हतं. पुढचे काही रविवार तिनं त्यांना समजावण्यात घालवले. रक्तवाहिनी म्हणजे काय, मूत्रपिंडावर काय होतं, मेंदूत काय होतं. आप्पा लक्ष देऊन ऐकायचे, हुंकार भरायचे, आणि शेवटी पाचोडच्या कुणा चुलत्याचं उदाहरण काढायचे, जो नव्वद वर्षं जगला आणि ज्यानं गोळीचं तोंड पाहिलं नव्हतं.

शेवटी तिनं समजावणं सोडून दिलं. एका रविवारी निघताना चपला घालता घालता ती एवढंच म्हणाली, "आप्पा, हल्ली मला फोनची भीती वाटते. पहाटे वाजला तर मी उचलतच नाही, नवऱ्याला उचलायला लावते."

आप्पा बराच वेळ दाराच्या कडीशी खेळत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "घेतो. पण मंडळात कुणाला कळता कामा नये. घरात पाकीट दिसलं नाय पायजे. तात्या कधीबी येतो चहाला, त्याची नजर लई वाईट. आणि तुझ्या आईला बी सांगू नको, ती बायांच्यात बोलून टाकती."

मग तिनंच युक्ती काढली. दाढीच्या सामानात एक जुनी, झाकणाची डबी होती. तिच्यात गोळ्या ठेवायच्या. पाय सुजू नयेत म्हणून डॉक्टरांकडून वेगळी गोळीही ती लिहून घेऊन आली. त्या दिवशी परत जाताना बागेच्या फाटकावरचा फ्लेक्स तिला तितकासा बोचला नाही. तिथं काय लिहिलंय याच्याशी काय करायचंय, ती मनात म्हणाली. पोटात गेली म्हणजे झालं.

मंडळात आता पहिल्या रविवारी सत्काराआधी सगळ्यांचा रक्तदाबही मोजायला सुरुवात झाली होती. जवळच्या एका दवाखान्यातली सिस्टर यायची. पावसाळा उलटल्यावरच्या अशाच एका रविवारी शिवकन्या आप्पांना घ्यायला बागेत गेली. आप्पा खुर्चीवर ताठ बसले होते, बाही वर करून. सिस्टरनं आकडा सांगितला आणि तात्यासाहेबांनी तो मोठ्यानं जाहीर केला.

"एकशे तीस! वय अडुसष्ट, आणि एकशे तीस! बिनगोळीचा माणूस! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. "अहो, आप्पासाहेबांचा बीपी म्हणजे कारखान्याचा माल हाय, मोजूनमापून निघतो," कुणीतरी ओरडलं. आप्पांनी गर्दीतून लेकीकडे बघून डोळा बारीक केला. ती हसली. गुपित दोघांचं होतं आणि ते कामाला आलं होतं. कित्येक महिन्यांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

घरी जाताना ती म्हणाली, "बघितलं ना आप्पा? रोज घेतली की कसा राहतो."

"रोज कशाला?"

तिला वाटलं ते गंमत करतायत.

"हा आठवडा घेतली की," आप्पा म्हणाले. आवाजात चोरी नव्हती, उलट हुशारीच होती. "पहिला रविवार यायच्या आधीचा आठवडा. मोजणी झाली की बंद. उगाच शरीराला सवय कशाला लावायची? परीक्षेपुरता अभ्यास केला की पास होता येतं, शिवे. तू उगाच वर्षभर वाचत बसायचीस."

शिवकन्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"म्हणजे गोळी लागत नाही हे दाखवायला तुम्ही गोळी घेता?"

आप्पांनी स्कूटरवर मागं बसल्याबसल्या नजर दुसरीकडं वळवली. समोरच्या टपरीवर माणसं भजी खात होती.

"मंडळात नाव हाय आपलं," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं कारखान्यात घासली, तिथं मला सगळे नंबरानं वळखायचे. इथं लोक मला इचारतात, आप्पासाहेब, कसं जमवलं तुमी? आता त्यांना जाऊन सांगू का, की नाय जमलं?"

"मी सांगते तात्यांना."

"सांग." त्यांचा आवाज चढला नाही. "मग मी बागेत जायचं बंद करीन. घरात बसून भिंतीकडं बघीन. तुझं ते चायनाचं मशीन आन आणि माझ्याजवळ बसून ऱ्हा रोज."

तिनं सांगितलं नाही. मनात हिशेब केला, तर आप्पांचं चालणं, हसणं, सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घालणं हे सगळं त्या बागेवर उभं होतं. ते काढून घेतलं असतं तर हातात एक गोळी उरली असती, आणि तीही त्यांनी घेतली असती असं नाही. तिनं विनवलं, रागावली, एकदा दोन रविवार आलीच नाही. आप्पा म्हणाले, दिवाळी होऊन जाऊ दे, मग बघू. दिवाळी झाल्यावर म्हणाले, लग्नसराई होऊन जाऊ दे, जेवणं लई असतात, गोळीला पथ्य लागतं. गोळीला पथ्य नसतं, हे तिनं पुन्हा सांगितलं. आप्पांनी पुन्हा हुंकार भरला.

ते पडले ते महिन्याच्या मधल्याच एका गुरुवारी, बागेत. हसण्याचा व्यायाम चालू होता. आप्पांचा एक हात वर गेला आणि दुसरा गेलाच नाही. मग ते बाकावर बसले आणि काहीतरी बोलू लागले, ते कुणाला कळेना. हबीबभाई म्हणाले, रिक्षा बोलवा, दवाखान्यात न्या. पण मंडळाला आप्पांचा आकडा पाठ होता. ज्याचा बीपी गोळीशिवाय एकशे तीस, त्याचा चढेल कसा? उतरलाच असणार. तात्यासाहेबांनी समोरच्या घरातून तांब्याभर पाणी मागवलं, त्यात मीठ-साखर घातली आणि पाजायचा प्रयत्न केला. ते ओठांच्या कडेनं सदऱ्यावर सांडत राहिलं. आणखी थोड्या वेळानं बरं वाटेल, म्हणून सगळे वाट बघत उभे राहिले.

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं विचारलं, "बीपीचा त्रास होता? गोळी चालू होती?"

"होती," शिवकन्या म्हणाली.

"नव्हती," वच्छलाबाई म्हणाल्या. "वर्ष झालं, सुटलीय त्यांची."

डॉक्टरनं एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि आत निघून गेला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आप्पा शनिवारी सकाळी गेले. शुद्धीवर आलेच नाहीत.

तेराव्यानंतरच्या रविवारी मंडळानं बागेत शोकसभा ठेवली. पांढऱ्या चादरीवर आप्पांचा फोटो, हार, उदबत्ती. वच्छलाबाई पुढच्या खुर्चीत डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या, शेजारी शिवकन्या. तात्यासाहेब उभे राहिले. ते चांगलं बोलायचे, आणि आज खरंच गहिवरले होते.

"मृत्यू कुणाला चुकला नाही. पण आप्पासाहेब कसे गेले? ताठ मानेनं गेले. औषधाच्या पिशव्या नाहीत, पथ्य नाही, कुणावर भार नाही. चालते-बोलते, हसता हसता गेले. शेवटच्या श्वासापर्यंत हा माणूस गोळीमुक्त राहिला. आणि त्यांच्या स्मृतीला आदरांजली म्हणून सांगतो, आपले सखाराम, एसटीतले, त्यांचीही बीपीची गोळी याच महिन्यात सुटली आहे. पुढच्या रविवारी त्यांचा सत्कार आप्पासाहेबांच्या नावानं होईल."

दुसऱ्या रांगेतला एक जाडसर, भोळ्या चेहऱ्याचा माणूस संकोचून उठला, हात जोडले आणि बसला. शिवकन्यानं त्याच्या मानेकडे पाहिलं. ती लालबुंद होती.

"ताईंना दोन शब्द बोलायचे असतील तर," तात्यासाहेब म्हणाले.

तिला बोलायचं नव्हतं. घरून निघताना तिनं आईला तसं सांगितलंही होतं. ती उठली ते सखारामची मान पाहून.

"आप्पांची गोळी सुटली नव्हती," ती म्हणाली. "त्यांना रक्तदाब होता. तुमच्या मोजणीच्या आधीचा आठवडा ते रोज गोळी घ्यायचे, म्हणून आकडा नीट यायचा. बाकीचे तीन आठवडे घ्यायचे नाहीत. त्या तीन आठवड्यांतच ते गेले. रोज घेतली असती तर आज इथं बसले असते. सखारामकाका, तुम्ही गोळी पुन्हा सुरू करा. एवढंच सांगायचं होतं."

ती बसली. मग मागच्या रांगेतून कुजबुज सुरू झाली.

"म्हणजे घेत व्हते?"

"गुपचूप घेत व्हते म्हणं."

"आपल्याला सांगितलं नाय."

तात्यासाहेब खाली बघत उभे होते. त्यांना धक्का बसला होता, त्यात शंका नव्हती. शिवकन्याला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल, चूक झाली म्हणेल. त्यांनी सावकाश मान वर केली.

"आता उलगडा झाला," ते म्हणाले. "मला पटतच नव्हतं, की एकशे तीसवाला माणूस असा एकाएकी कसा जातो. ताई, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. शेवटी गोळीनंच घात केला. महिन्याला आठ दिवस का होईना, पोटात जातच होती ना? पुरती सोडली असती तर वाचले असते. सखाराम, ऐकलं ना? धरसोड करायची नाही. सोडली म्हणजे सोडली."

सखारामनं मान डोलावली.

शिवकन्या पुन्हा उठायला लागली, तेव्हा वच्छलाबाईंनी तिचा हात खाली ओढला. बोटं मनगटात रुतत होती.

"बस," त्या पदराआडून म्हणाल्या. "मेल्या माणसाला चोर ठरवलंस चार लोकांत. आता आणखी काय ऱ्हायलंय?"

"आई, तो दुसरा माणूस मरेल."

"मरू दे नायतर जगू दे. माझ्या माणसाची लाज काढायचा तुला काय अधिकार? मला नव्हतं सांगितलं त्यांनी. तुला सांगितलं, आणि तू सांभाळलं नाहीस."

सभा संपली. माणसं एकेक करून फोटोला फुलं वाहून गेली. शिवकन्याच्या समोरून जाताना काही जणांनी नमस्कार केला, काही जणांनी दुसरीकडे पाहिलं. आईला रिक्षात बसवून ती गाडी काढायला वळली, तर फाटकाशी हबीबभाई तिची वाट बघत उभे होते. डोक्यावर टोपी, हातात काठी.

"बेटी, एक मिनिट." त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "तेरे अब्बा मेरे बाजूमेंच बैठते थे. लई चांगला माणूस. एक इचारायचं व्हतं, तुला राग नाय येणार ना?"

"विचारा ना चाचा."

"मी आठ वर्षं झाली गोळी खातोय. शुगरची. रोज, एक दिवस सोडला नाय." त्यांचा हात खिशावर गेला. "हे लोक हसायचे, मी बी हसायचो. मला वाटायचं, चला, बिनगोळीवाले मजबूत हायत, आपण कमजोर. पण आज तू बोललीस, आप्पासाहेब बी घेत व्हते. घेऊन बी गेले. मग मी इचार करतोय, मी पण बंद करू का?"

या सगळ्या बागेत नीट औषध घेणारा हा एकटा माणूस होता.

"नाही चाचा," ती म्हणाली. "नको. ते घेत नव्हते म्हणून गेले. महिन्यातले तीन आठवडे घेत नव्हते."

"पण घेत व्हते ना?"

"पुरेशी नाही."

तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. गोळी आजार काढत नाही, धरून ठेवते. हात सोडला की तो सुटतो. साखरेचंही तसंच आहे. डोळे जातात, पाय जातो. तुमचं आठ वर्षं काही गेलं नाही ते कशामुळे? तिनं त्यांच्या काठीवरच्या हातावर हात ठेवला, आणि मोठ्यानं, सावकाश, जसं लहान मुलाला सांगावं तसं, तेच पुन्हा सांगितलं.

हबीबभाई मान हलवत ऐकत होते. मध्ये बोलले नाहीत, उलटा प्रश्न विचारला नाही. "व्हय बेटी," ते म्हणत होते. "बरोबर हाय तुझं. एकदम बरोबर." त्यांच्या नजरेत तिच्याबद्दल नुसती कीव होती. ज्या पोरीचा बाप नुकताच गेलाय तिच्याशी वाद घालायचा नसतो, एवढी अदब त्यांना होती.